माझ्या पाळणाघरातल्या मुलांच्या आईबाबांच्या साहेबांना

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमचा आवाज माझ्या कानांवर रोज पडतो. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास एखादी आई माझ्या दारात चप्पल काढत असते. तिची चाहूल लागून आतून तिचं दहा महिन्यांचं बाळ रांगत निघालेलं असतं, आणि नेमका तेव्हाच तिच्या पर्समधला फोन वाजतो. "हो सर. बघते सर. घरी पोचले की लगेच पाठवते सर." बाळ उंबऱ्याशी येतं, तिच्या ओढणीला धरून उभं राहतं. ती एका हाताने त्याला उचलते, मान वाकडी करून फोन खांद्यात धरते आणि मला खुणेनेच विचारते, जेवला का? मी खुणेनेच सांगते, जेवला. असं आमचं तिघांचं मूकनाट्य चालतं. बोलत असता ते फक्त तुम्ही.

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. सत्तावीस वर्षं झाली. दोन खोल्या, बंद करून घेतलेली गॅलरी, एक मोठी झोळी, दोन पाळणे. सध्या अकरा मुलं आहेत. सगळ्यांत लहान पाच महिन्यांचं, सगळ्यांत मोठा चार वर्षांचा दादा. मदतीला एक मावशी आहेत. पूर्वी मुलं मला काकू म्हणत, आता आजी म्हणतात. सकाळी साडेसातला दार उघडतं, संध्याकाळी साडेसातला बंद व्हायला हवं.

उशीर झाला तर अर्ध्या तासाला पन्नास रुपये जादा, असा माझा नियम आहे. त्याला एक पोटनियम आहे. लोकल रखडली तर पैसे घेत नाही, साहेबांनी थांबवून घेतलं तर घेते. खरं कारण काय ते मला चेहऱ्यावरून कळतं. लोकलने रखडवलेला माणूस चिडलेला असतो. साहेबांनी थांबवलेला ओशाळलेला असतो. ते पन्नास रुपये खरं तर तुमच्या नावावर मांडायला हवेत.

हे पत्र आईबापांना न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, ते सांगते. आईबापांना सल्ला द्यायला सगळं जग टपलेलं आहे. मुलाशी बोला, त्याला गोष्ट सांगा, हातात मोबाइल देऊ नका, क्वालिटी टाइम द्या. डॉक्टर सांगतात, सासूबाई सांगतात, व्हॉट्सअ‍ॅप सांगतं. मीही सांगत असे. मग एके दिवशी माझ्याकडच्या एका आईचा दिवस मी वहीत मांडला. सकाळी पावणेआठला बाळ सोडणार, संध्याकाळी सव्वासातला नेणार. बाळ नऊला झोपणार. राहिले पावणेदोन तास. त्यात कुकर, पोळ्या, उद्याच्या डब्याची भाजी, बाळाचा भात, बाळाची शी, सासऱ्यांची औषधं. आता हिला मी कोणत्या तोंडाने सांगू, बाळाला वेळ दे म्हणून? तिच्याकडे आहेच कुठे वेळ? तो तुमच्याकडे आहे. तेव्हापासून सल्ले बंद केले.

आणि तो क्वालिटी टाइम. आठ ते साडेआठ आपण दोघं खेळू, असं ठरवून लहान मूल खेळत नाही. त्याला काय सांगायचं असतं ते भात खाताना, मोजा काढताना, जिन्यावरून येणाऱ्या मांजरीकडे बघताना सांगायचं असतं. नळाखालून बादली भरेपर्यंत ते पाण्यात हात घालून "आऽ" म्हणतं. आपण "पाणी, गार आहे ना?" म्हटलं की ते पुन्हा म्हणतं. असं पन्नास वेळा झालं की एक शब्द येतो. त्यासाठी कुणीतरी तिथे नुसतं असावं लागतं, घाई नसलेलं.

कायदा मी वाचलेला नाही, पण माझ्याकडे मुलगी ठेवणाऱ्या एका वकीलबाईंनी बसून समजावून दिला. १९६१च्या मातृत्व कायद्यात बारा आठवड्यांची रजा होती. २०१७ साली ती सव्वीस आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं, आकडे तेच राहिले. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, असं आपण ऐकतो. पण त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि आठव्या महिन्यात पोट सांभाळत डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने जाणं काय असतं ते एकदा येऊन बघा. सहा आठवडे आधी रजा घेतली तर हातात उरतात वीस. म्हणजे बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचं. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मग मधल्या दीड महिन्यात माझ्या फ्रिजचा एक कप्पा दुधाच्या छोट्या बाटल्यांनी भरतो. प्रत्येकीवर नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी असते. ऑफिसात दूध कुठे काढता, असं मी एकदा तिघींना विचारलं. एकीने सांगितलं, सामानाच्या खोलीत. दुसरीने सांगितलं, बाथरूममध्ये. तिसरी काही बोललीच नाही.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी द्यावी, ही तरतूद तर १९६१ पासूनची. २०१७ साली भर पडली की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे. वाचायला फार छान. पण बाळ डोंबिवलीत, आई नरिमन पॉइंटला, मध्ये पन्नासेक किलोमीटर आणि फास्ट लोकलचा तास-सव्वा तास. दिवसातून चार वेळा कुठून यायचं? कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिरणी असावी. गिरणीच्या मागे चाळ आणि चाळीत बाळ. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, बाळ कर्जत-कसाऱ्याच्या दिशेने सरकत राहिलं, तरतूद होती तिथेच राहिली.

एका कंपनीने मात्र मनापासून पाळणाघर बांधलं. ऑफिसातच, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर जिराफ वगैरे. माझ्याकडची एक आई आनंदाने माझा निरोप घेऊन गेली. बाळ पोटाशी बांधून तिने तीन दिवस सकाळची लोकल केली. बायकांनी बसायला जागा दिली, बाळाला वारा घातला, सगळं केलं. पण त्या डब्यात मोठ्या माणसाचाही जीव घुसमटतो. चौथ्या दिवशी ती परत माझ्या दारात. जिराफ चांगले होते म्हणे.

म्हणून सांगते, तुमच्या इमारतीत जिराफ काढण्यापेक्षा तुमच्या माणसाच्या घराजवळच्या पाळणाघराची फी द्या. यात माझा धंदा आहे, हे आधीच कबूल करते. मग त्या पैशांच्या बदल्यात आमच्याकडे तपासणीला माणूसही पाठवा. किती मुलांमागे किती बाया आहेत, जिन्याला फाटक आहे का, सिलिंडर कुठे ठेवलाय, दुपारी टीव्ही लावून मुलांना गप्प बसवतात का, सगळं विचारा. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे यातलं काही विचारायला कुणीच आलेलं नाही. लोक विश्वासावर मूल ठेवून जातात. मला याचं बरंही वाटतं आणि भीतीही वाटते, कारण याच रस्त्यावर अशी पाळणाघरं मी पाहिली आहेत जिथे माझं मांजरही मी ठेवणार नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) बसणाऱ्या, म्हणजे महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईच्या रजेचे पैसे विमा महामंडळ देतं. त्यावरच्या पगाराचे सगळे पैसे तुमच्या खिशातून जातात. त्यामुळे तुमच्यातले काहीजण नुकतं लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीला बोलवायलाच कचरतात. तिचं लग्न झालंय म्हणून तिची नोकरी हुकते, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचं लग्न झालं की आता तो जबाबदार झाला म्हणून त्याला बढती मिळते. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या पुतणीच्या बाबतीत घडलं आहे. बाबालाही रजा सक्तीची करा, मग बघा मुलाखतीत दोघांकडे सारखंच बघावं लागतं की नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवससुद्धा नाही. तुम्ही द्याल ती.

आमच्या वेळी हा विषयच नव्हता. आमचे हे सकाळी सहा चाळीसची पकडायचे आणि रात्री साडेआठला यायचे. माझ्या मुलाने वडिलांना पहिली हाक मारली ती "अहो". मी तशीच हाक मारत असे ना. बाबा हा शब्द त्याच्या कानांवर कधी पडलाच नव्हता. आम्ही सगळे खूप हसलो, हेही हसले. रात्री मात्र मला म्हणाले, अगं, शेजारचा माणूससुद्धा मला अहोच म्हणतो.

आताचे बाबा वेगळे आहेत. डायपर बदलतात, केस विंचरतात, डब्यात काय दिलंय ते त्यांना ठाऊक असतं. एका बाबांची गोष्ट सांगते. नवीन मूल आलं की त्याला रुळवायला आम्हाला आठ-दहा दिवस लागतात. पहिल्या दिवशी घरचं कुणीतरी सोबत बसून तासभर, मग दोन तास, मग पाच मिनिटं बाहेर जाऊन परत. असं करत करत मूल समजतं की गेलेलं माणूस परत येतं. घाईच्या लोकांना हे परवडत नाही. ते पहिल्याच सोमवारी दारात सोडून पळतात आणि मूल आठवडाभर दाराकडे तोंड करून बसतं. या बाबांनी मात्र साहेबांशी बोलून सात दिवस मागून घेतले होते. गॅलरीच्या कोपऱ्यात चटईवर बसायचे, हातात काही नाही. पहिल्या दिवशी बिचारे फार अवघडले. तिसऱ्या दिवशी बाकीची पोरं त्यांना आपापल्या चपला आणून दाखवू लागली. सातव्या दिवशी ते निघाले तेव्हा त्यांच्या मुलीने हात हलवला आणि दुसऱ्याच एका पोराने भोकाड पसरलं. त्या साहेबांचं नाव मला माहीत नाही. पत्र वाचत असतील तर त्यांना माझा वेगळा नमस्कार.

अशी गरज एकदाच पडत नाही. पाच महिन्यांचं बाळ कुणाच्याही कडेवर जातं. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला आपली माणसं आणि परकी माणसं कळू लागतात, आणि तोवर हसत येणारं बाळ एक दिवस दारातच आईच्या गळ्याला मिठी मारतं. आईला वाटतं, आम्ही काही केलं की काय. काही झालेलं नसतं, बाळ शहाणं झालेलं असतं. त्या दोन-तीन आठवड्यांत सकाळी वीस मिनिटं जास्त लागतात. तुमच्या हजेरीच्या यंत्रात बोट ठेवायला त्या वीस मिनिटांचा उशीर होतो आणि तीनदा झाला की अर्धा दिवस कापला जातो. यंत्राला नववा महिना माहीत नाही, पण ते यंत्र बसवणाऱ्याला मुलं असतीलच ना?

लोकांना वाटतं, आईबापांचं मोठं नुकसान म्हणजे पहिलं पाऊल बघायचं हुकणं. मला तसं वाटत नाही. पहिलं पाऊल मी मोबाइलवर पाठवू शकते, आणि खरं सांगायचं तर पाठवत नाही. घरी जाऊन टाकेल तेच पहिलं. मला जे लागतं ते संध्याकाळचं. दिवसभर मजेत खेळलेलं, पोटभर जेवलेलं मूल आई दिसली की अचानक रडतं. नव्या आया घाबरून माझ्याकडे बघतात, दिवसभर रडत होता का काकू? नव्हता हो. दिवसभर त्याने शहाण्यासारखं आवरून धरलेलं असतं. कुणी खेळणं ओढलं, दात शिवशिवला, मावशी दुसऱ्याला घेऊन बसली, हे सगळं त्याने तिच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. ते तिच्याच खांद्यावर सांडायचं असतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तेवढी पाच-दहा मिनिटं तिचा चेहरा त्याच्याकडे असायला हवा.

मानसशास्त्र शिकणाऱ्या एका आईने मला एक जुना प्रयोग दाखवला होता. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन माणसाने पन्नासेक वर्षांपूर्वी केलेला. आई बाळाशी हसते-बोलते, मग सांगितल्याप्रमाणे दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. जागची हलत नाही, बाळासमोरच असते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, ओरडून बघतं, आणि शेवटी मान फिरवून रडायला लागतं. मी ते बघून म्हटलं, अगं, हा प्रयोग माझ्या दारात रोज सव्वासातला होतो. तो कोरा चेहरा तुमच्या फोनचा आहे, साहेब. सात ते नऊ लहान मुलांच्या आईबापांना फोन करू नका. नऊला मूल झोपतं. तुमचं काम तेव्हाही तिथेच असेल.

रायगडावर हिरकणी बुरूज आहे. तिन्हीसांजेला गडाचे दरवाजे बंद झाले आणि खाली घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं, बुरूज बांधला. मुलांना मी ही गोष्ट सांगते. परवा चार वर्षांच्या दादाने विचारलं, आजी, मग दुसऱ्या दिवशी दरवाजा उशिरा बंद केला का? मला उत्तर देता आलं नाही. गोष्टीत ते सांगितलेलं नाही.

लॉकडाउनमध्ये माझं पाळणाघर दीड वर्ष बंद होतं. सगळे आईबाप घरी. मला वाटलं होतं, मुलं आता काय नुसती फुलतील. परत आली तेव्हा दोन तऱ्हा दिसल्या. काहींच्या बाबांना आता मुलाचं बोबडं कळत होतं, "पापू म्हणजे तिचं पांघरूण हं काकू", असं मला समजावून सांगत होते. आणि काही मुलांनी आल्या आल्या ओठांवर बोट ठेवून मला "शूऽऽ" केलं. दोन वर्षांचं मूल आणि त्याला पक्कं शिकवलेली पहिली गोष्ट ही, की आईबाबा लॅपटॉपसमोर असतील तेव्हा आवाज करायचा नाही. ती मुलं माझ्याकडे मोठ्याने बोलायला लागायला दिवाळी उजाडली. तेव्हा घरून काम करू दिलं म्हणजे झालं, असं समजू नका. घरातलं काम आठच्या आठ तास आणि वर खिडकीतून डोकावणारा साहेब असेल तर त्यापेक्षा माझी झोळी बरी.

मावशींबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. अकरा मुलांना भरवणाऱ्या या बाईंची नात दीड वर्षाची आहे. सून धुणीभांडी करते. तिला रजा नाही, संहिता नाही, तिच्या साहेब म्हणजे चार इमारतींतल्या तुमच्याआमच्यासारख्या बाया. नातीला सांभाळायला तिची नऊ वर्षांची बहीण शाळा बुडवून घरी बसत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला हेच पाहिलं होतं. आदिवासींची मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर. म्हणून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. ताईने धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि बाजूच्या वर्गात बसायचं. इतकी साधी गोष्ट. मी तेवढं केलं नाही. मी फक्त म्हटलं, मावशी, नातीला इकडेच आणा. तिला धरूनच ते अकरा. दोन महिने हे सांगायला मला सुचलं नव्हतं, आणि त्या दोन महिन्यांत मीही मावशींना सातनंतर थांबवून घेत होते. साहेब व्हायला केबिन लागत नाही.

हे लिहिता लिहिता पावणेआठ वाजले. दहा मुलं गेली, मावशीही नातीला घेऊन गेल्या. एक राहिला आहे. तो माझ्या मांडीवर बसून पेनाचं टोपण चावतो आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. त्याच्या बाबांचा सात वाजता मेसेज आला होता, "काकू, मीटिंग सुरू आहे, निघतोच." सेंट्रल लाइन आज वेळेवर आहे, मी पाहिलं.

आपली,
डोंबिवलीची पाळणाघरवाली काकू

ता. क. आजचे पन्नास रुपये मी त्याच्या बाबांकडून घेणार नाही. तुमच्या नावावर मांडले आहेत.